बुडी कोठें घ्यावी?

हिंगोली जिल्ह्यांतील सिद्धेश्वर हें गांव पूर्णा नदीवरील धरणामुळें सर्वांच्या परिचयाचें झालें. १९६८ सालीं पुऱ्या झालेल्या या धरणाचा जलाशय हाच तेथील मुलांचा समुद्र होय. खरा समुद्र पाहावयाचा तर अर्धा महाराष्ट्र ओलांडावा लागतो. अशा गांवचें एक कुटुंब दिवाळीच्या सुटींत समुद्रांत बुडी घेऊन प्रवाळ व मासे पाहण्याचा बेत करीत आहे, अशी श्रोत्यांनीं कल्पना करावी. मुलगी पोहण्यांत पटाईत. तिला अंदमानास जावयाचें आहे. वडिलांचा कल मालवणकडे आहे. आईचा प्रश्न मात्र निराळाच आहे : "अहो, जायचें कोठें तें मागून ठरवा; पाण्यांत उतरणार कोण, तें आधीं सांगा." स्थळाच्या निवडीचें सारें मर्म या एका प्रश्नांत आहे.

पोहतां येणें ही एक गोष्ट आणि पाण्याखालीं श्वास घेणें ही दुसरी. १९४३ सालीं फ्रान्समध्यें कूस्तो व गान्यां या दोघांनीं पाठीवरील नळकांड्यांतील हवा पाण्याच्या दाबाबरहुकूम पुरविणारें यंत्र सिद्ध केलें, आणि मनुष्य माशासारखा मोकळा फिरूं लागला. परंतु दाबाचा नियम कांहीं त्यामुळें बदलला नाहीं. दर दहा मीटर खोलीस एका वातावरणाइतका दाब वाढतो. दहा मीटरांवर घेतलेला श्वास रोखून धरून जो वर येईल, त्याच्या छातींतील हवा पृष्ठभागापर्यंत येतां येतां दुप्पट जागा मागूं लागते व फुप्फुस फाटण्याचा संभव असतो. म्हणून श्वास कधींही रोखूं नये, हा पहिला धडा. दाबाखालीं रक्तांत विरलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडावा लागतो, म्हणून घाईनें वर येऊं नये, हा दुसरा.

आतां स्थळें पाहावीं. मालवणच्या समुद्रांत कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनीं १६६४ सालीं सिंधुदुर्ग बांधावयास घेतला. त्याच किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ आहेत, आणि १९८७ पासून तेथील समुद्रास अभयारण्याचा दर्जा आहे. पाणी उथळ असल्यामुळें शिक्षकाचा हात धरून पहिली बुडी घेण्यास ही जागा सोयीची. जवळच तारकर्लीस महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची बुडी शिकविणारी संस्थाही आहे. उणीव एकच : येथील पाणी फार नितळ नसतें. गोव्याजवळील ग्रांदे बेट आणि कर्नाटकांतील मुरुडेश्वरासमोरचें नेत्राणी बेट हीं यानंतरचीं. विजयदुर्गापासून शंभराहून अधिक किलोमीटर आंत, कान्होजी आंग्रे यांच्या नांवानें ओळखलें जाणारें आंग्रिया नामक बुडालेलें पठार आहे. त्याचा माथाच सुमारें वीस मीटर खोल असल्यामुळें तें नवशिक्याचें काम नव्हे.

लक्षद्वीपचीं प्रवाळबेटें अति रमणीय, पण तेथें जाण्यास आधीं परवाना काढावा लागतो. अंदमान हें नांव मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या काळ्या पाण्याच्या शिक्षेसाठींच उच्चारलें गेलें. परंतु बुडी घेणाऱ्यास तेथील पाणी आरशासारखें वाटतें. ज्या हॅवलॉक बेटास २०१८ पासून स्वराज द्वीप म्हणतात, तेथें पाण्याखालीं वीस मीटरांपलीकडचेंही कित्येकदां स्पष्ट दिसतें. तेव्हां मुलीचा हट्ट अस्थानीं नाहीं. चुकला आहे तो फक्त क्रम आणि काळ.

काळाचा विचार असा. पावसाळ्यांत पश्चिम किनाऱ्यावर बुड्या बंदच असतात. दिवाळीच्या सुमारास तेथील पाणी निवळूं लागतें खरें, पण अंदमानाकडे याच दिवसांत परतीचा पाऊस व वादळें यांचा संभव असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने दोन्हीं समुद्रांस चांगले. म्हणजे कोठें जावें हें ठरविण्यापूर्वीं केव्हां जावें हें ठरविलें पाहिजे. परतीच्या प्रवासाचाही हिशेब आधींच करावा : एका बुडीनंतर निदान बारा तास आणि अनेक बुड्यांनंतर निदान अठरा तास विमानांत बसूं नये. सुटीचा शेवटचा दिवस कोरडाच राखावा.

स्थळ ठरल्यावर माणसें पारखावींत. शिक्षकाजवळ मान्य संस्थेचें प्रमाणपत्र आहे काय, एका नवशिक्यामागें एक शिक्षक आहे काय, नावेवर प्राणवायूचें नळकांडें आहे काय, हें विचारण्यांत संकोच बाळगूं नये. या प्रश्नांनीं जो चिडेल, त्याच्या नावेंत बसूं नये. प्रवाळास हात लावूं देणारा शिक्षकही टाळावा. प्रवाळ हे सजीव आहेत, कायद्यानें संरक्षित आहेत, आणि एका स्पर्शानें मोडलेली फांदी भरून येण्यास वर्षें लागतात.

सर्वांत महत्त्वाची पारख मात्र स्वतःची. बुडीपूर्वीं प्रकृतीविषयींचा एक तक्ता भरून द्यावा लागतो. सिद्धेश्वरच्या त्या घरांत हा तक्ता आला, तेव्हां वडिलांची लेखणी दम्याच्या रकान्यापाशीं थबकली. लहानपणापासूनचा दमा, पण अलीकडे त्रास नाहीं, मग लिहावें कशाला? मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्हांला त्रास होतच नाहीं, सोडून द्या तें." आई कांहींच बोलली नाहीं, तिनें आपला पहिला प्रश्न विचारून ठेवलाच होता. दम्यानें आकसलेल्या नळीमागें अडकलेली हवा वर येतांना फुगते, तेव्हां मनुष्य श्वास रोखीत नसला तरी परिणाम तोच होतो. वडिलांनीं खरें तें लिहिलें. डॉक्टरांनीं नकार दिला.

मग बेत आपोआप जुळला. दिवाळीऐवजीं नाताळची सुटी, अंदमानाऐवजीं मालवण. वडील नावेंत, मुलगी शिक्षकासह पाण्यांत. ती तेथें पहिले धडे पक्के करील, तर अंदमान कोठें पळून जात नाहीं. ज्या समुद्रांतून घरचीं सारीं माणसें सुखरूप परत येतात, तोच समुद्र निवडण्यास योग्य.