सात बावन्नची गाडी



या व्यासपीठावर विद्वान माणसे बोलत आली आहेत. माझी शाळा सातवीत सुटली. पुढे जे शिकलो ते वाचनालयात, कामगारांच्या सभांत आणि रेल्वेच्या वेळापत्रकावर. तेव्हा आज सांगणार आहे ते पुस्तकातले थोडे आणि डब्यातले फार.

सोलापुरात लोकल नाही. मग सात रस्त्यावर बसून तिची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. पण गिरण्यांचे भोंगे थांबल्यापासून आपल्या ओळखीतल्या किती घरांतला मुलगा रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला गेला, हे ज्याचे त्याने मोजावे. मीही १९९० साली तसाच गेलो. डोंबिवलीला खोली आणि कुर्ल्याला कारखाना.

आगगाडीचे वेड मला पोरवयापासून. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि १८६० साली रूळ सोलापुरास पोहोचले, हे मला इतिहासाच्या तासाला नव्हे, स्टेशनावर रेंगाळताना कळले. त्यामुळे मुंबईत इतरांना जी कटकट वाटे, ती मला पर्वणी होती. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेची गाडी व्हीटीहून कुर्ल्यापर्यंत धावली. त्याच कुर्ल्याला मी रोज उतरत होतो!

माझी गाडी सात बावन्नची जलद. मुंबईत माणसाची ओळख गावावरून नव्हे, गाडीवरून होते. आमच्या डब्यात टाळ घेऊन भजन चाले; दसऱ्याच्या सुमारास झेंडूच्या माळा बांधून डब्याची पूजा होई. ठाण्याच्या अलीकडे पारसिकचा बोगदा लागे. १९१६ साली खुला झालेला हा बोगदा सव्वा किलोमीटरहून अधिक लांब. २०२२ साली नवे मार्ग सुरू झाल्यावर जलद लोकल मुंब्र्याच्या बाजूने जाऊ लागल्या. आमच्या वेळी त्या बोगद्यातूनच जात. आत शिरताच चाकांचा आवाज भजनावर चढे आणि गाणारेही आवाज चढवीत.

मला दारातली जागा प्रिय होती. तेथून सिग्नल दिसत, मोटारींचा सूर ऐकू येई. गार्डाच्या दोन घंट्या, मग गाडीचा तो पहिला हिसका! एका गोष्टीचे मला विशेष कौतुक वाटे. मोटरमनला हातातली मूठ सतत दाबून धरावी लागते. त्याला भोवळ आली, हात ढिला पडला, की गाडीला आपोआप ब्रेक लागतात. एका माणसाचा हात सुटला तर हजारोंचा जीव जाऊ नये, एवढा विचार यंत्र करणाऱ्याने केला होता.

पण मंडळी, दारात लोंबकळणाऱ्याचा हात सुटला तर गाडी थांबत नाही.

आमच्या कारखान्याचे फाटक पावणेनऊला बंद होई. महिन्यात तीन वेळा उशीर झाला की अर्ध्या दिवसाची मजुरी कापली जाई. माझ्या शेजारच्या लेथवर काम करणाऱ्या एका सोबत्याचे दोन उशीर झाले होते. पावसाचे दिवस. गाडी हलली आणि तो धावत आला. डब्यात तीळ ठेवायला जागा नव्हती. हात मीच दिला. तो चढला, टेकला, आणि पुढच्या वळणावर घसरला. जीव वाचला, पाय गेला. फाटकाबाहेरच्या अपघाताशी आमचा संबंध नाही, असे कारखान्याने कळविले. मी हात दिला नसता तर त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी गेली असती. एवढेच. हा हिशेब मी तीस वर्षे करतो आहे.

त्या दिवसापासून माझे रेल्वेचे वेड गेले नाही, पण ते युनियनच्या कामाला लागले. आम्ही मागणी केली ती पगाराची नव्हे, पंधरा मिनिटांची. सह्या गोळा केल्या, फाटकावर सभा घेतल्या. पाच महिन्यांनी सवलत मिळाली. उत्पादन कणभरही घटले नाही!

जरा हिशेब मांडू. येण्याजाण्याचे रोज तीन तास, वर्षाला तीनशे दिवस. म्हणजे नऊशे तास. आठ तासांच्या पाळीने भागले, तर एकशे साडेबारा पाळ्या. महिन्याला पंचवीस पाळ्या धरल्या, तर साडेचार महिन्यांची ही बिनपगारी मेहनत. आठ तासांचा दिवस आपण लढून मिळविला. पण तो फाटकापासून मोजला जातो, खोलीच्या उंबऱ्यापासून नाही.

कायदा थोडा पुढे सरकला आहे. कर्मचारी राज्य विमा कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. कामावर जाता-येताना झालेला अपघात, त्याची वेळ आणि जागा यांचा नोकरीशी संबंध दिसला, तर नोकरीतलाच धरला जातो. माझ्या सोबत्याला ती उशिरा आली. आपल्या मुलांनी ती ठाऊक करून घ्यावी.

९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांतले प्रवासी रुळांवर पडले आणि माणसे दगावली. मग दारे बंद करा, असा पुकारा झाला. दारे जरूर बंद व्हावीत. २०१७ साली मुंबईत आलेल्या वातानुकूलित लोकलची दारे मिटतातच. पण दार मिटले म्हणजे गर्दी मिटली, असे नव्हे. जो आत मावला नाही तो फलाटावर राहील आणि त्याची मजुरी कापली जाईल. म्हणून दाराबरोबर हजेरीचे पुस्तकही दुरुस्त झाले पाहिजे. २०२३ साली मध्य रेल्वेने मुंबईतल्या आपल्या कार्यालयांच्या वेळा दोन भागांत विभागल्या. रेल्वेला जे जमते ते कारखान्याला आणि कचेरीला का जमू नये?

आपल्यापैकी कोणी चार माणसे कामाला ठेवीत असेल, तर त्याला माझी एकच विनंती आहे. उद्या कोणी धापा टाकीत उशिरा आला, तर वहीत खूण करण्यापूर्वी तो कोणत्या गाडीने आला, एवढे विचारा.

माझा तो सोबती आज त्याच्या गावी असतो. भेटलो की विचारतो, "सात बावन्न वेळेवर आहे का रे?" मी म्हणतो, "आहे." इतक्या वर्षांत त्याने मला दोष दिला नाही. म्हणूनच हे सांगणे मला भाग पडले.