विमानाची आरसी
(मंडळाच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेले भाषण)



आमच्या मुलीने जर्मनीत विमान घेतले ही बातमी आम्ही परत येण्याआधीच राजवाड्यापर्यंत पोहोचली होती. वाटेत तिला चार इंजिने आणि हवाईसुंदऱ्याही जोडल्या गेल्या, म्हणून आधी खुलासा करतो. हे विमान दोन माणसांचे आहे. पुढे एक पंखा, शंभर अश्वशक्तीचे इंजिन, आणि ते मोटारीच्या पेट्रोलवरही चालते. माणसे, सामान, पेट्रोल सगळे धरून वजन साडेसहाशे किलो, म्हणजे आपल्या जुन्या रिकाम्या मारुती 800 इतके. इटलीत नेपल्सजवळच्या कापुआ गावात ते तयार झाले. आणि ते तिच्या एकटीचे नाही, तिच्या फ्लाइंग क्लबातल्या दोघा जर्मन मित्रांबरोबर तिघांत मिळून आहे.

आमच्यापैकी एकाची सारी नोकरी इथल्या आरटीओत गेली. कोणाची, ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्यातल्या अनेकांची एमपी 09 ची पुस्तके त्याच टेबलावरून गेली आहेत. त्यामुळे खरेदीच्या वेळी आम्ही तीन महिने तिथे होतो, तेव्हा आल्प्स पर्वतापेक्षा आमचे लक्ष त्या कागदांकडेच जास्त.

मोटारीला मालक असतो, जिल्हा असतो, पण नागरिकत्व नसते. विमानाला ते असते. 1944 साली शिकागोला राष्ट्रांचा करार झाला, त्यातच लिहिले आहे की विमान ज्या देशाच्या वहीत नोंदले त्या देशाचे ते नागरिक, आणि एका वेळी दोन देशांत नोंद चालणार नाही. म्हणून प्रत्येक विमानावर देशाचे अक्षर. फ्रान्सचे एफ, इटलीचे आय, जर्मनीचे डी. भारताचे व्हीटी. (आम्हा दोघांना व्हीटी म्हटले की अजून बोरीबंदरच आठवते.) जर्मनीत डी नंतर ई आले की समजायचे, एक इंजिन आणि वजन दोन टनांच्या आत. पुढची तीन अक्षरे मोकळी असतील तर मागून घेता येतात. आमच्या मनात गणपतीच्या नावातली होती, पण ती आधीच कोणीतरी नेलेली.

विमान उडायला योग्य आहे का, याचे नियम सगळ्या युरोपला एकच. ते करणारी संस्था कोलोनला आहे. नोंदणी मात्र ज्या त्या देशाची. जर्मनीची वही ब्राउनश्वाइग या गावी, आणि विमान गहाण असेल तर त्याची वेगळी वही त्याच गावच्या कोर्टात. खरी अडचण इथेच निघाली. जर्मन कायदा म्हणतो की वहीत नोंदायच्या विमानाची मालकी पूर्णपणे जर्मन किंवा युरोपीय संघाच्या नागरिकांची हवी. आमच्या मुलीचा पासपोर्ट भारताचा. म्हणजे पैसे तिघांचे, पण तिचे नाव मालकांत आले की विमान वहीत येणार नाही.

वकीलबाईंनी वाटा सांगितल्या. पहिली, जर्मन नागरिकत्व घ्या. राहून इतकी वर्षे झाली आहेत, मिळेल. जर्मनीने 2024 पासून दोन नागरिकत्वांना परवानगी दिली आहे, पण आपला कायदा देत नाही, तेव्हा निळा पासपोर्ट परत करावा लागेल. दुसरी वाट अमेरिकेची. युरोपात एन अक्षराची पुष्कळ खासगी विमाने दिसतात. अमेरिकाही परक्याच्या नावावर नोंद करत नाही, म्हणून तिथल्या विश्वस्ताच्या नावावर विमान ठेवतात आणि मालक युरोपात बसून ते उडवतो. कायदेशीर आहे, पण विश्वस्ताची वार्षिक फी आणि वैमानिकाला दोन्हीकडचे परवाने. तिसरी, कंपनी काढा. भांडवलाचा मोठा भाग, प्रत्यक्ष ताबा आणि सही करणाऱ्यांतले बहुसंख्य जर्मन असले की कंपनी जर्मन धरतात. दोन तृतीयांश मित्रांचे, एक तृतीयांश हिचे.

त्या रात्री स्वयंपाकघरात बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी आम्हीच विचारले, "अगं, मग पासपोर्टचं काय ठरवलंस?"

"बाबा, कधी सोडलाच तर दुसऱ्या कशासाठी सोडीन. विमानासाठी नाही."

आई म्हणाली, "आणि सोडायचा झाला तर आधी आम्हाला सांग." ती हो म्हणाली. आमच्या घराण्याची इंदुरातली ही पाचवी पिढी. मूळ गाव कोणते, या प्रश्नाला आम्ही अजून दोन उत्तरे देतो. तेव्हा तिला आम्ही काय शिकवणार?

कंपनी निघाली. पुढचा प्रश्न पैशांचा. नवे विमान ऑर्डर दिल्यावर तयार होते आणि पैसे हप्त्यांनी आगाऊ द्यावे लागतात. एका मित्राला 2008 साल आठवत होते. विमानांसाठी डिझेल इंजिने बनवणारी थीलर्ट ही जर्मन कंपनी त्या वर्षी दिवाळ्यात गेली आणि ज्यांच्या विमानांत ती इंजिने होती त्यांची हमी कागदावरच राहिली. म्हणून त्याने हट्ट धरला की शेवटचा मोठा हप्ता थेट द्यायचा नाही.

पण मग कोंडी. विमा असल्याशिवाय नोंदणी नाही. मालकीचा कागद असल्याशिवायही नाही. पूर्ण पैसे मिळाल्याशिवाय विकणारा मालकीचा कागद देत नाही, आणि नोंदणी नाही तर विमान कापुआहून हलत नाही. आपल्याकडे शोरूमवाला तात्पुरता नंबर देऊन गाडी रस्त्यावर आणतो. इथे तोड अशी निघाली: अक्षरे आधी राखून ठेवली, विमा कंपनीने त्या अक्षरांवर लेखी हमी दिली, शेवटचा हप्ता नोटरीच्या खात्यात ठेवला आणि विक्रीपत्रावर सही झाल्यावरच तो सुटला. विमाही साधा नव्हे. हजार किलोच्या आतल्या एवढ्याशा विमानाला दुसऱ्याच्या नुकसानीसाठी किमान पंधरा लाख एसडीआरचे संरक्षण लागते, आणि एसडीआर हे नाणेनिधीचे हिशेबाचे चलन.

बाकीचे कागद आमच्या ओळखीचे निघाले. इटलीच्या वहीत हे विमान नोंदलेले नाही असा दाखला, म्हणजे आपली एनओसी. मंजूर नमुन्याप्रमाणेच विमान बनवल्याचे कारखान्याचे निवेदन. उड्डाणयोग्यतेचा दाखला, आणि तो जिवंत ठेवणारी दरवर्षीची तपासणी, फिटनेसच म्हणा. आवाजाचा दाखला मात्र आमच्या आरटीओत कधी पाहिला नव्हता. रेडिओचा परवाना वेगळा. व्हॅट इटलीत 22 टक्के, जर्मनीत 19, आणि तो भरल्याची पावती विमान विकेपर्यंत जपायची, कारण परक्या विमानतळावर कस्टमवाला ती मागू शकतो. शिवाय दाराजवळ एक धातूची पट्टी, तिच्यावर विमानाची अक्षरे कोरलेली. ती आगीत न वितळणारी असावी लागते. का, ते मुलीने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

नोंदणीचा दाखला टपालाने आला. आम्ही सवयीने आधी मालकाचा रकाना पाहिला. तिथे कंपनीचे नाव. मुलीचे कुठेच नाही. आरटीओत असतो तर म्हटले असते, बाई, ही गाडी तुमची नाही. तिने तो कागद दोनदा वाचला, पाकिटात घातला आणि चहा टाकायला गेली.

विमान आले त्या दिवशी आम्ही धावपट्टीच्या कुंपणाशी उभे होतो. शेपटीवर जर्मन झेंडा, बाजूला हातभर उंचीची अक्षरे. आम्ही इंदुराहून नारळ नेला होता. क्लबच्या माणसाने हात जोडून सांगितले की इथे फोडू नका, करवंटीचा तुकडा पंख्यात गेला तर नवा पंखा घ्यावा लागेल. नारळ पार्किंगमध्ये फोडला. जर्मनांनी खोबरे आवडीने खाल्ले.

मोटारीत ठेवतात तसा लहान गणपतीही नेला होता. तो समोर बसवणार तोच मुलगी ओरडली, "बाबा, लोहचुंबक!" मूर्तीच्या बैठकीत चुंबक होते आणि वर होकायंत्र. काटा खरोखरच सरकला. शेवटी आईने पर्समधला गणपतीचा फोटो काढला. विमानात सगळे दाखले ठेवायचे एक पाकीट असते. त्यात नोंदणीच्या दाखल्यामागे तो ठेवला आहे.