तिकीट नाही, मग अडलं कुठं?

(शेगाव येथील महिला मेळाव्यात केलेलं भाषण)



मागच्या वर्षी आपण वीसजणी आझाद मैदानावर धरण्याला गेलो होतो. धरणं उठलं तेव्हा विदर्भ एक्सप्रेसला अडीच-तीन तास होते. मी म्हटलं, जवळच जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आहे, मुलांच्या चित्रांचं वार्षिक प्रदर्शन लागलंय, तिकीट नाही, चला.

फाटकापाशी सगळ्या थांबल्या. कुणी अडवलं नव्हतं. "आपल्याले आत जाऊ देतीन काय वं ताई?" एकीनं पदर सारखा केला, दुसरीनं पिशवी मागं लपवली. याच बाया गजानन महाराजांच्या दर्शनाला एवढ्या मोठ्या आवारात कुणाला न विचारता शिरतात! शेवटी एक म्हातारी म्हणाली, "पैसे नाही घेत तं भ्याचं कायले?" आणि चालू लागली.

हे कॉलेज १८५७ सालचं. ज्या स्टेशनात आपण उतरलो, त्याच्यावरची बरीचशी दगडी नक्षी इथल्याच विद्यार्थ्यांनी कोरली. आपल्या जवळच्या अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला १८७२ पासून इथल्याच मुलांनी उतरवल्या. मुलींना मात्र फार वाट पाहावी लागली. अंबिका धुरंधर यांनी १९३१ मध्ये इथली पदविका घेतली. त्या इथल्या पहिल्या काही स्त्री-पदवीधरांपैकी. वडील इथलेच नामांकित चित्रकार होते, हेही ध्यानात घ्या.

आत एका भिंतीवर बसलेल्या बाईची चित्रं होती. अंगावर कपडा नाही. आता या हसतील नाहीतर पाठ फिरवतील, या धास्तीनं मी घाईघाईनं पुढं निघाले. त्या हलल्या नाहीत. "ही बाई खरंच बसली होती काय? किती येळ?" मी सांगितलं, तासन् तास. "मंग रोजी किती भेटते तिले?" दुसरी म्हणाली, "निंदाले बसलं तरी हात हालते. इथं तं हालाचंबी नाही."

मी एम. एस. डब्ल्यू. झालेली. असंघटित कामगार बायांच्या पाहण्या केल्यात, पण या बाईला कधी कामगार म्हणून मोजलं नव्हतं. रवी जाधव यांचा 'न्यूड' हा चित्रपट अशाच एका मॉडेलबाईवर आहे. २०१७ मध्ये तो गोव्याच्या महोत्सवातून ऐनवेळी वगळला गेला, २०१८ मध्ये लागला. तेव्हा आपणही नग्नतेवरच भांडलो. रोजीचं कुणी फारसं विचारलं नाही.

परत येताना गाडीत वाद झाला. एकीला ती चित्रं अजिबात आवडली नव्हती. "बाईच काऊन? तिथं माणूस बसवा ना!" पुरुषांचीही चित्रं तिथं होती, पण तिचा मुद्दा मला अजून खोडता आलेला नाही.

पुढच्या धरण्याच्या पत्रकात मी हा एक तास आत्ताच लिहून ठेवलाय. चित्रांखालच्या पाट्या बाकीच्यांना वाचून दाखवायला दोघीजणी लागतील. कोण येतंय, हात वर करा.