मांडणीवरची मत्स्यपेटी

मराठी घराला पाण्याचा भार कांहीं नवा नाहीं. घरोघर नळ येण्यापूर्वीं स्वयंपाकघराच्या एका कोपऱ्यांत घडवंची असे, आणि तिच्यावर भरलेले हंडे व कळशा ओळीनें विसावत. घडवंची करणारा सुतार पदार्थविज्ञान शिकलेला नसे. परंतु तिचे पाय जाड असावेत, चारही पायांना बांधणारी आडपट्टी असावी, आणि ती उंच न करतां बसकी करावी, हें त्याला अनुभवानें ठाऊक होतें. आज घडवंची गेली, हंडे गेले. पण त्याच घराच्या दिवाणखान्यांत काचेची पेटी आली आहे आणि तींत रंगीत मासे विहरत आहेत. या पेटीखालीं मात्र पुष्कळ घरांतून बाजारांत मिळणारी लोखंडी मांडणी ठेवलेली दिसते. पुस्तकांसाठीं किंवा डब्यांसाठीं केलेल्या मांडणीनें पाण्याचा भार वाहावा काय, आणि वाहावयाचा तर कोणत्या अटींवर, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

माशांच्या पेटीचा नाद युरोपांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वाढला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांतील मत्स्यगृह १८५३ सालीं लोकांना खुलें झालें, आणि पुढच्याच वर्षीं फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाच्या पुस्तकानें हा छंद इंग्रजी घरांत पोंचविला. मुंबईंत तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं उघडलें. तें पाहून परतलेल्या मुलांनीं घरीं माशांचा हट्ट धरला असल्यास नवल नाहीं. मांडणीचा इतिहास त्याहून अलीकडचा आहे. भोंकें पाडलेल्या लोखंडी कोनपट्ट्या नट-बोल्टांनीं जोडून हवी तशी मांडणी उभारण्याची युक्ति डिमिट्रियस कोमिनो नांवाच्या अभियंत्यानें १९४७ सालीं लंडनमध्यें बाजारांत आणली. आज तशा मांडण्या कचेरींत, वखारींत आणि घराघरांत आहेत. त्या स्वस्त असतात, घर बदलतांना सुट्या करतां येतात, आणि पेटीखालच्या कप्प्यांत माशांचें खाद्य, जाळी व नळ्या ठेवतां येतात. तेव्हां गृहस्थाचें मन त्यांच्याकडे वळावें, यांत गैर कांहींच नाहीं. पण येथें हिशेब न करतां भागत नाहीं.

पाणी दिसावयास निर्मळ, पण तोलावयास जड. एक लिटर पाण्याचें वजन एक किलो, आणि एक घनफूट पाण्याचें सुमारें २८ किलो. दुकानांत पेट्या अजून फुटांच्या मापानेंच मागितल्या जातात. म्हणून त्याच मापानें पाहूं. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशा पेटींत सुमारें ५६ लिटर पाणी मावतें. काचेचे नऊ-दहा किलो व तळाच्या खडीचे आठ-दहा किलो धरले, आणि खडीनें व्यापलेली जागा वजा केली, तर एकूण भार ७० ते ७५ किलो होतो. म्हणजे एक प्रौढ माणूस त्या फळीवर अहोरात्र उभा आहे असें समजावें. आतां प्रत्येक माप केवळ दीडपट करा. तीन फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच पेटींत काठोकाठ १९१ लिटर पाणी मावतें, म्हणजे पहिलीच्या तिपटीहूनही अधिक. जाड काच व खडी धरून, पाणी कांठाच्या दीड इंच खालीं ठेवलें तरी, हा भार सव्वादोनशें किलोंच्या पुढें जातो. मुलाच्या हट्टाखातर “थोडी मोठी पेटी” आणणाऱ्या गृहस्थाला ती थोडी मोठी नसून तिप्पट जड आहे, हें दुकानांत कोणी सांगत नाहीं.

मांडणी विकणारा तिची शक्ति सांगतो खरी. पण ती शक्ति कशी मोजली, हें ग्राहकानें विचारलें पाहिजे. सांगितलेला आंकडा एका कप्प्याचा कीं सर्व कप्प्यांचा मिळून, हा पहिला प्रश्न. भार फळीवर सारखा पसरलेला धरला आहे कीं मधोमध, हा दुसरा. पाण्याची पेटी तळ सपाट असेल तरच भार सारखा पसरते. फळी मध्यें वांकली कीं भार टोंकांकडे सरकतो आणि काचेच्या तळाला पीळ बसतो. पुस्तकांच्या कप्प्याची फळी अर्धा इंच वांकली तर पुस्तकांचें कांहीं बिघडत नाहीं. काचेची पेटी मात्र तेवढ्यानें तडकूं शकते. पुस्तकांना पुरणारी मांडणी पेटीला पुरेलच असें नाहीं, तें यामुळें.

येथें एक नियम ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. आडव्या पट्टीवर एकूण भार तोच ठेवून तिची लांबी दुप्पट केली, तर ती आठपट वांकते. उलट, लांबी तीच ठेवून पट्टीची उभी जाडी दुप्पट केली, तर वांकणें आठव्या हिश्शावर येतें. म्हणून चार फुटी मांडणीच्या मधोमध दोन फुटी पेटी ठेवण्यापेक्षां, पेटीच्या लांबीएवढीच मांडणी घेऊन पेटीचीं टोकें उभ्या खांबांच्या जवळ आणणें केव्हांही चांगलें. फळीचा पातळ पत्रा भार वाहण्यासाठीं नसतो; भार त्याच्या कडेच्या पट्ट्यांनीं वाहिला पाहिजे. पत्र्यावर पाऊण इंच जाडीचें चांगलें प्लायवुड टाकावें. तें ओलाव्यास टिकणारें हवें. भुशाच्या दाबलेल्या फळ्या पाण्यानें फुगतात आणि कांहीं महिन्यांत त्यांची शक्ति निघून जाते. प्लायवुड आणि चौकट नसलेली काचेची पेटी यांच्यामध्यें थर्माकोलचा वा फोमचा पातळ थर असावा, म्हणजे बारीक खडा किंवा उंचवटा काचेला टोंचत नाहीं. ज्या पेटीला खालून प्लास्टिकची चौकट असते, तिचा भार चौकटीवरच पडतो. तिला हा थर लागत नाहीं.

मांडणी मोडते ती बहुधा भारानें खचून नव्हे, तर एका बाजूस कलून. केवळ चार उभे खांब व आडव्या फळ्या बोल्टांनीं जोडल्या, तर पत्त्यांच्या बंगल्याप्रमाणें ती चौकट चौकोनाचा तिरपा समांतरभुज होऊं पाहते. रिकामी मांडणी हातानें डावी-उजवीकडे हलवून पाहावी. ती डुलली, तर तिच्यावर पाणी ठेवूं नये. उपाय सोपा आहे: पाठीमागें दोन तिरप्या पट्ट्या कैचीसारख्या आडव्या माराव्या, दोन्ही बगलांना एक-एक माराव्या, आणि प्रत्येक कोपऱ्यांत त्रिकोणी पट्टी बसवावी. त्रिकोणाच्या बाजू न बदलतां त्याचे कोन बदलत नाहींत, हें शाळेंत शिकलेलें भूमितीचें सूत्र येथें घराच्या कामीं येतें. बोल्टाखालीं वायसर घालावा आणि पेटी भरल्यावर आठवड्यानें सर्व नट पुन्हां आवळावे.

पेटी नेहमीं खालच्या वा मधल्या कप्प्यावर असावी. मांडणीच्या माथ्यावर कधींही नसावी. मुंबई-पुण्यांतील रंगीत माशांच्या दुकानांत तीन-तीन मजली पेट्या दिसतात. परंतु त्या मांडण्या जाड कोनपट्टीच्या, वेल्डिंग केलेल्या आणि भिंतीस जखडलेल्या असतात. घरीं लहान मूल असेल, तर तें मासे पाहण्यासाठीं मांडणीवर पाय देऊन चढणारच, असें गृहीत धरावें. म्हणून मांडणीचा वरचा भाग दोन ठिकाणीं बोल्टांनीं भिंतीला पक्का धरावा. १९६७ चा कोयनेचा आणि १९९३ चा लातूरचा भूकंप ज्यांनीं अनुभवला, त्यांना हें निराळें सांगावयास नको.

मांडणीनंतर जमिनीचा विचार. भारतीय मानकाप्रमाणें राहत्या खोलीची जमीन दर चौरस मीटरला सुमारें २०० किलो चल भार धरून आंखतात. दोन फुटी पेटीची भीति नाहीं. तीन फुटी पेटी खोलीच्या मध्यें न ठेवतां भिंतीलगत, तुळईच्या वा खांबाच्या जवळ ठेवावी. चार फुटी व त्याहून मोठी पेटी वरच्या मजल्यावर ठेवण्यापूर्वीं अभियंत्याचा सल्ला घ्यावा. जुन्या वाड्यांत व चाळींत कडीपाटाची जमीन असते; तेथें पेटीची लांबी कड्यांशीं काटकोनांत ठेवली, तर भार एका कडीवर न पडतां तीन-चार कड्यांवर वांटला जातो. खांबांच्या चार टोंकांखालीं लोखंडी वा लांकडी चौकोनी तुकडे द्यावे. नाहीं तर फरशी फुटते. मग पाणसळ लावून मांडणी दोन्ही दिशांनीं समतल करावी. पाचर द्यावयाची ती खांबाखालीं. पेटी व फळी यांच्यामध्यें पाचर कधींही घालूं नये.

वीज आणि पाणी यांचें शेजार घरांत दुसरीकडे कोणी खपवून घेत नाहीं. येथें तें नित्याचें असतें. खटक्यांची पाटी पेटीखालच्या कप्प्यांत ठेवण्याची संवय फार धोक्याची आहे. ती पेटीच्या बगलेस, उंचावर भिंतीवर असावी. प्रत्येक तार पाटीकडे जाण्यापूर्वीं खालीं झोळासारखी सोडावी. म्हणजे तारेवरून ओघळणारा थेंब झोळाच्या तळाशीं टपकतो, पाटींत शिरत नाहीं. गळती होतांच प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपिअरचा खटका घरांत असावा. हवेचा पंप खालच्या कप्प्यांत ठेवला आणि वीज गेली, तर पाणी नळींतून उलट उतरूं शकतें आणि पंपावाटे जमिनीवर येतें. म्हणून पंप पाण्याच्या पातळीहून वर ठेवावा, अथवा नळींत एकमार्गी झडप बसवावी. भारनियमनाच्या गांवीं ही झडप विसरतां कामा नये.

शेवटीं परीक्षा. मासे आणण्यापूर्वीं पेटी मांडणीवर ठेवून पाव भाग भरावी व पाणसळ लावून पाहावी. मग अर्धी, मग पूर्ण. पूर्ण भरलेली पेटी निदान एक दिवस-रात्र तशीच ठेवावी. फळी वांकली, खांब कलला किंवा कोपऱ्यांत ओल दिसली, तर पाणी काढून दोष दूर करावा. भरलेली पेटी जागेवरून सरकवूं नये. इंचभर हलवावयाची झाली तरी आधीं रिकामी करावी. तळावरच्या फळीला व बोल्टांना दर सहा महिन्यांनीं गंज पाहून रंग द्यावा. मांडणी दारामागें नसावी, कारण दार आपटल्याचा धक्का माशांच्या अंगावरील संवेदनरेषेला लागलीच कळतो आणि ते बावरतात. खिडकीच्या उन्हांतही नसावी, कारण शेवाळ माजतें. पेटीवर हात व जाळी जाईल इतकी, निदान नऊ-दहा इंच, मोकळी जागा असावी. ती नसली कीं साफसफाई टळूं लागते, आणि त्याचें प्रायश्चित्त माशांना भोगावें लागतें.

इतकें सारें एका पेटीसाठीं करावयाचें काय, असें कोणी म्हणेल. परंतु पेटी फुटली तर खालच्या बिऱ्हाडाच्या छतांतून पन्नास लिटर पाणी उतरतें, काच लहान मुलाच्या पायाशीं पडते, आणि मासे तर बोलूंही शकत नाहींत. मांडणी निवडणें, तिला तिरप्या पट्ट्या मारणें, भिंतीला धरणें, हें सर्व मिळून एका रविवारचें काम आहे. तें मुलांना बरोबर घेऊन करावें. वजन, समतल आणि त्रिकोण यांचे धडे त्यांना तेथें सहज मिळतील, आणि ज्याच्या पेटीचा हिशेब त्यानें स्वतः मांडला, तो मुलगा त्या माशांना वेळेवर खाऊं घालावयासही सहसा विसरणार नाहीं.