दोन आज्ञा आणि उतारशाळेचा रखवालदार

देवावर संपूर्ण अंतःकरणाने प्रीती करणे आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करणे, या दोन आज्ञा ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा मानल्या जातात. दोन्ही मूळच्या यहुदी धर्मशास्त्रातल्या आहेत: पहिली ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या ६ व्या अध्यायात, दुसरी ‘लेवीय’ या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात. यहुदी परंपरा नियमशास्त्रात ६१३ आज्ञा मोजते. त्यांत सर्वांत मोठी कोणती, या प्रश्नाला येशूने या दोन आज्ञा जोडून उत्तर दिले, असे मार्कच्या १२ व्या अध्यायात नोंदले आहे. विचारली होती एक, सांगितल्या दोन. आजच्या समारंभात परिचर्येची पदवी घेणाऱ्यांचे अभिनंदन रीतीप्रमाणे करावयाचे असते, ते केले असे समजावे. पुढचे सारे त्या जोडणीविषयी आहे.

या आज्ञांतली प्रीती भावनेपुरती नाही. माया हुकमाने उपजत नाही. हुकमाने हात चालतो. लेवीयच्या त्याच अध्यायात शेताच्या कडेचे पीक गरिबांसाठी राखावे, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये, मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये, असे नियम आहेत. मजुरीचा नियम १३ व्या वचनात, शेजाऱ्यावरच्या प्रीतीचा १८ व्या. अंतर पाच वचनांचे.

हे अंतर मुद्दाम सांगण्याचे कारण आहे. या समारंभाला बोलावलेल्या निवृत्त मेट्रनने ज्या एका संस्थेत काम केले, तिथे एका वर्षी परिचारिकांचे पगार तीन महिने थकले. विचारायला गेलेल्यांना विश्वस्तांनी सेवाभावाची आठवण करून दिली. त्याच वर्षी चॅपलमध्ये नवी फरशी बसली. वॉर्डात रात्री चाळीस रुग्णांमागे दोन सिस्टर होत्या. वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर मात्र चांगल्या शोमरोन्याचे रंगीत चित्र होते.

त्या शोमरोन्याची दृष्टान्तकथा लूकच्या १० व्या अध्यायात आहे. ‘माझा शेजारी कोण?’ या प्रश्नावर येशूने ती सांगितली. यरुशलेमहून यरीहोला जाणारा रस्ता सुमारे २५ किलोमीटरांत हजार मीटर उतरतो; निर्जन, दगडी, लुटारूंना सोयीचा. लुटून अर्धमेला टाकलेल्या माणसाला पाहून याजक दुसऱ्या बाजूने निघून जातो, मग मंदिरसेवक लेवीही. याजकाची बाजू घेणारे शवस्पर्शाच्या विटाळाचा नियम पुढे करतात. पण कथेतला याजक रस्ता उतरत होता. मंदिर त्याच्या पाठीमागे होते, पुढे नव्हते. थांबतो तो शोमरोनी. यहुद्यांना त्या काळी ज्या जमातीचा तिटकारा, तिच्यातला. शेवटी येशू प्रश्नच उलटा करतो: शेजारी कोण, याऐवजी शेजाऱ्यासारखा कोण वागला?

दुसऱ्या बाजूने निघून जाणे ही दुष्टांचीच मक्तेदारी नाही. ही मेट्रन अठराव्या वर्षी ट्रेनिंगला लागली, तेव्हा सकाळी साडेसहाला चॅपलमध्ये प्रार्थना असे. उशीर झाला की होस्टेलच्या वहीत लाल शेरा. एके सकाळी मेडिकल वॉर्डातल्या आजोबांनी बेडपॅन मागितले. ‘प्रार्थना झाली की आलेच, आजोबा,’ असे सांगून ती पळाली. वेळेत पोचली, शेरा चुकला. परतली तेव्हा नाइट ड्यूटी संपवलेल्या एक वयस्क सिस्टर आजोबांची चादर बदलत होत्या. आजोबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. सिस्टर रागावल्या नाहीत. ‘देव थांबतो गं, बेडपॅन थांबत नाही,’ एवढे म्हणून त्यांनी भिजलेली चादर तिच्या हातात दिली. त्या दिवशीचे प्रवचन कशावर होते ते स्मरणात नाही. वॉर्डाकडे वळलेली ती पाठ आहे.

पुढे अडतीस वर्षांच्या नोकरीत या दृष्टान्तावरची प्रवचने तिने कितीतरी ऐकली. उतारशाळेच्या रखवालदारावर एकही नाही. शोमरोन्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, उतारशाळेत नेऊन शुश्रूषा केली; दुसऱ्या दिवशी रखवालदाराला दोन दिनार देऊन, जास्तीचा खर्च परतताना फेडण्याचे कबूल करून तो निघून गेला. एक दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. त्यानंतर पट्ट्या कोणी बदलल्या, कूस कोणी बदलवली, रात्री पाणी कोणी पाजले? परिचारिकेची जागा कथेत कुठे असेल, तर ती इथे. तिला पैसे मिळतात म्हणून तिचे काम प्रीतीतून बाद होत नाही, आणि ते काम प्रीतीचे आहे म्हणून तिचे पैसेही बाद होत नाहीत.

दोन्ही आज्ञा एकाच आवारात नांदल्याची उदाहरणे महाराष्ट्रात आहेत. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशनचे रुग्णालय सुरू केले. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात होरपळलेल्या शेकडो मुली-बायकांना आधार दिला. त्यांतून केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले. तिथेच त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर केले. १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते काम चालू होते. शब्दाचे काम आणि अन्नाचे काम त्यांनी वेगळ्या खात्यांत मांडले नाही.

ती खाती वेगळी होणे हाच या श्रद्धेतला जुना धोका. योहानाच्या पहिल्या पत्रातला युक्तिवाद असा: दिसणाऱ्या भावावर जो प्रीती करत नाही, त्याला न दिसणाऱ्या देवावर ती करता येणार नाही. रुग्णालयात हा धोका देवाचेच नाव घेऊन येतो असे नाही. तो केसपेपर, डिपॉझिटची पावती, हँडओव्हरचे रजिस्टर, मान्यवरांची भेट अशी रूपे घेतो. प्रत्येक रूप कामाचे असते, म्हणून त्याच्या आडून रुग्णाला टाळून जाणे सोपे जाते. दुसऱ्या बाजूने जाणारा याजक कोणत्याही कॉरिडॉरमध्ये, कोणत्याही गणवेशात भेटू शकतो. त्याला ओळखण्याची खूण एकच: तो नेहमी कुठल्या तरी चांगल्या कामाला निघालेला असतो.