चालकाच्या मनावरील भार

पुण्यातील सर्वांत जुन्या पेठांत गणल्या जाणाऱ्या कसबा पेठेखालून सप्टेंबर २०२४ च्या अखेरीपासून मेट्रो धावू लागली. भुयारातील तो मार्ग तिचा एकटीचा आहे. वर रस्त्यावर बसचालकाला मात्र रिक्षा, दुचाकी आणि पादचारी यांच्या दाटीतून शनिवारवाड्यापुढे वाट काढावी लागते. वेळापत्रक दुसऱ्याने आखलेले, कोंडी दुसऱ्यांनी केलेली. उशिराबद्दल बोल मात्र चालक-वाहकांनी ऐकावयाचे. याच पेठेतील तांबट आळीतही हातोड्यांचा आवाज असतो, पण त्याची लय कारागिराच्या हाती असते. कामाची निकड मोठी आणि कामावरील ताबा अल्प, तेथे ताण अधिक, असे अमेरिकेतील रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ साली मांडले. बसचालकाचा व्यवसाय त्याचे ठळक उदाहरण ठरावे.

दिनांक २५ जानेवारी २०१२ रोजी स्वारगेट स्थानकातून एका एस. टी. चालकाने बेफाम पळविलेल्या बसखाली नऊ जणांचे प्राण गेले. आपली पाळी बदलून मिळावी, ही त्याची मागणी मान्य झाली नव्हती, ही गोष्ट खटल्यात पुढे आली. वेडसरपणाचा बचाव न्यायालयाने स्वीकारला नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशीऐवजी जन्मठेप दिली. त्या दिवसाच्या चष्म्यातून सर्व चालकांकडे पाहणे अन्यायाचे होईल. बहुतेकांचा ताण इतरांवर कोसळत नाही. तो निद्रानाश, चिडचिड, व्यसन आणि घरातील अबोला या वाटांनी त्यांनाच पोखरतो.

तो उघड करण्याची भीतीही खरी आहे: चाकावरून उतरविले तर पोटाचे काय? वस्तुतः २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यान्वये सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या शासकीय आस्थापनेतील कर्मचाऱ्यास काढता येत नाही. त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते. त्या कायद्याच्या सूचीत मानसिक आजारही आहे. हे आगारातील फलकावर स्पष्ट मराठीत लिहिलेले असावे, आणि त्याखाली ‘टेली-मानस’चा १४४१६ हा विनामूल्य क्रमांकही.

तथापि केवळ समुपदेशनाने भागणार नाही. मोटार परिवहन कामगारांसाठी १९६१ साली झालेल्या कायद्याने दिवसाला आठ तासांचे काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती ही मर्यादा घातली होती. गाडी कोंडीत अडकली की पहिला बळी जातो तो याच अर्ध्या तासाचा. म्हणून फेरीचा वेळ रस्त्यावरील प्रत्यक्ष गर्दी मोजून ठरविणे, हे अधिकाऱ्यांचे काम मनोवैद्याच्या कामाइतकेच मोलाचे आहे.

शहरातील बस रात्री आगारात परतते, एस. टी.ची मुक्कामी गाडी मात्र गावातच थांबते. तिच्या चालक-वाहकांना पुष्कळदा गाडीतच अंथरूण टाकावे लागते, आणि पहाटे तीच गाडी विद्यार्थ्यांना, रुग्णांना घेऊन तालुक्याला निघते. अशा गावी ग्रामपंचायतीने एक खोली, पंखा, मच्छरदाणी, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह एवढी सोय करावी. खोली शाळेची असल्यास तिची किल्ली रात्री कोणाकडे मिळेल, हे मुख्याध्यापकांनी आगारास कळवून ठेवावे.