प्रतिमेची विश्वासार्हता
(वार्षिक सभेतील भाषणाचा संक्षेप)



आसगाव-पवनी परिसरातील रुग्णास हृदयाचा अथवा हाडांचा आयसोटोप स्कॅन सांगितला की त्याला नागपूरसारखे शहर गाठावे लागते. त्याची मजुरी बुडते, सोबत जाणाऱ्याचाही खाडा होतो. एवढे सोसून मिळणारी प्रतिमा खरी असावी, ही त्याची रास्त अपेक्षा आहे.

गॅमा कॅमेरा हॅल अँगर या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९५८ साली जगापुढे मांडला. आपल्याकडे अणुऊर्जा विभागाचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ साली मुंबईत परळ येथे स्थापन झाले. या तपासणीत रुग्णास बहुधा टेक्नेशियम-९९एम हे द्रव्य देतात. दर ६ तासांनी त्याची किरणोत्सारिता निम्मी होते. शरीरातून निघणारे किरण शिशाच्या जाळीतून सोडियम आयोडाइडच्या स्फटिकावर पडतात आणि तेथे सूक्ष्म प्रकाश उमटतो. स्फटिकामागील अनेक नलिका तो प्रकाश टिपतात आणि त्यातून प्रतिमा तयार होते.

यातील एखादी नलिका क्षीण झाली, तर प्रतिमेत फिकट डाग दिसतो. तो हृदयावर आला, तर रक्तपुरवठा कमी असल्याचा भास होऊन रुग्णास अनावश्यक तपासण्यांना सामोरे जावे लागते. उलट, प्रतिमा धूसर असेल तर हाडातील लहानशी गाठ नजरेतून निसटू शकते.

यासाठी रोज सकाळी, पहिला रुग्ण घेण्यापूर्वी, कोबाल्ट-५७ चा सपाट स्रोत कॅमेऱ्यासमोर ठेवून प्रतिमा सर्वत्र सारखी येते की नाही, हे पाहतात. क्रमाने बारीक होत जाणाऱ्या शिशाच्या पट्ट्या ठेवून सूक्ष्म तपशील वेगळे दिसतात का, हे ठराविक काळाने तपासतात. कॅमेरा रुग्णाभोवती फिरवायचा असल्यास फिरण्याचा मध्यबिंदू ढळलेला नाही, याचीही खातरजमा करतात. या नोंदी जपून ठेवल्या, तरच हळूहळू वाढणारा दोष वेळीच ध्यानात येतो.

देणगीदारांना एक नम्र निवेदन आहे. यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते. रोजच्या चाचणीवर ते कोरता येत नाही. परंतु कोबाल्ट-५७ ची शक्ती सुमारे २७२ दिवसांत निम्मी होते आणि दोन वर्षांत जेमतेम सहावा हिस्सा उरतो; स्रोत पुन्हा घ्यावाच लागतो. तापमान एकाएकी बदलल्यास स्फटिकास तडा जाऊ शकतो. म्हणून विदर्भाच्या उन्हाळ्यात अखंड वीज आणि वातानुकूलन ही चैन नव्हे. प्रशिक्षित तंत्रज्ञाचा सकाळचा वेळ हीदेखील रुग्णसेवाच होय.

आप्तजनांनीही “आजची यंत्रचाचणी झाली का?” असे निःसंकोच विचारावे. दान यंत्राला मिळते. पण त्याचे पुण्य, ते यंत्र खरे बोलते तेव्हाच रुग्णाच्या पदरी पडते.